तांबडीनं खाल्लेला किल्ला

“ज्याला किल्लाच नाही तो कसला राजा, बाई?”

हणमंतानं विचारलं आणि चौथीचा सगळा वर्ग त्याच्या बाजूनं हसला. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता. खिडकीबाहेर पटांगणात किल्ल्यांसाठी फक्कीचे चौकोन आखून तयार होते. किल्ल्यापलीकडे काही ऐकायला तयार नसलेल्या या मुलांना मी यशवंतराव होळकरांची गोष्ट सांगायला घेतली होती. धामणटेकच्या शाळेतलं माझं ते पहिलंच वर्ष. कोणती गोष्ट केव्हा सांगावी हे मला अजून कळत नव्हतं.

“होते रे त्यांचेही किल्ले,” मी म्हटलं. “पण लढाईत किल्ले हातचे जातात. किल्ला गेला की कितीतरी राजे शरण जातात. हे तसे नव्हते. त्यांनी इंग्रज सेनापतीला काय कळवलं ठाऊक आहे? माझा मुलूख आणि माझी दौलत माझ्या घोड्याच्या खोगिरावर आहे. घोड्याचं तोंड जिकडे वळेल, तिकडचा मुलूख माझा!”

“घोड्यावर कुठं मुलूख मावतोय?” हणमंत म्हणाला. “चार पोती मावत्यात फार तर.”

पुन्हा हशा. मग पोपट नावाचा एक मुलगा गंभीर चेहऱ्यानं उठला. “बाई, बाजारात मातीचा होळकर मिळत न्हाई. मावळे मिळतात, तोफा मिळतात, वाघसुद्धा मिळतो. मग होळकराचा किल्ला करायचा कसा?”

तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. वर्ग आरडाओरडा करत बाहेर पळाला. मागच्या भिंतीपाशी ठकू एकटी बसून राहिली होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिकडे पाटलांच्या कापणी झालेल्या शेतात मेंढरांचा तळ पडला होता आणि एक तांबडी घोडी माशा हाकलत उभी होती.

ठकू त्या तळावरची. मेंढरं गावात बसली की ती शाळेत यायची, मेंढरं उठली की जायची. हजेरीपटावर ती चौथीत होती. मी पहिल्या दिवशी विचारलं, “आधी कुठल्या शाळेत होतीस?” तर म्हणाली, “वाटंवरच्या.” तिला वाचता छान येत होतं. वेगवेगळ्या गावच्या मास्तरांकडून शिकल्यामुळे तिचं प्रत्येक अक्षर वेगळ्या वळणाचं होतं.

धामणटेकमध्ये किल्ल्यांची स्पर्धा म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. तरुण मंडळ ती भरवायचं आणि सुभेदार परीक्षक असायचे. सुभेदार म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले, काखेत छडी धरून चालणारे, मिशांना तूप लावणारे गृहस्थ. पाडव्याच्या सकाळी ते एकेका किल्ल्यापुढे उभे राहून चार प्रश्न विचारायचे. तट कुठंय? बुरूज कुठंय? दरवाजा कुठंय? पाणी कुठंय? किल्लेदारानं किल्ल्याशेजारी उभं राहून उत्तरं द्यायची. किल्लेदार जागेवर नसेल तर किल्ला बाद. जो जिंकेल त्याच्या किल्ल्यावर मंडळाची केशरी रेशमी पताका लागायची आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती त्याच्या घरी राहायची. हणमंताच्या घरी ती आदल्या वर्षापासून होती. त्याची आई तिला देवाजवळ ठेवायची.

मी ठकूलाही एक चौकोन दिला होता, अगदी कडेचा, लिंबाखालचा. सुट्टी लागली तशी पटांगणात चिखलाची धमाल सुरू झाली. हणमंतानं प्रतापगड घेतला होता. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं, तटावर हळिवाची हिरवीगार दाट लव, पायथ्याशी तोफा, माथ्यावर गेल्या वर्षी जिंकलेली पताका. ठकूचा किल्ला लहान होता, पण बघत राहावा असा. तिनं आधी एक करवंटी जमिनीत पुरून पाण्याची जागा केली होती.

“आधी पाणी?” मी विचारलं.

“आधी पाणी बघायचं, मग बाकीचं. आज्जी तळ बी तसाच टाकती.”

“मागच्या दिवाळीला कुठं होतीस?”

“वाटंवर. केला व्हता की किल्ला! त्याच्या आदल्या वर्षी बी केला व्हता.” हातातला चिखल थापत ती म्हणाली, “दरसाल करते, बाई. पर कुणी बघायच्या आत निघावं लागतं. अवंदा तुमी चौकोन दिला. अवंदा सुभेदार बघत्याल.”

ते शेवटचं वाक्य ती माझ्याशी नाही, त्या चिखलाशीच बोलली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी तळावर गेले. ठकूची आजी, म्हाळसाआज्जी, घोंगडी उन्हात झटकत होती. माझ्या हातावर तिनं गुळाचा खडा ठेवला आणि सांगून टाकलं, “उद्या उठतोय आमी. पाटलांना हरभरा पेरायचाय. गडीमाणसं पहाटंच मेंढरं घेऊन फुडं जात्याल. मागनं बिऱ्हाड बांधून आमी बाया.”

“आज्जी, उद्या पाडवा आहे. ठकूच्या किल्ल्याची परीक्षा आहे. दुपारी निघालात तर?”

“मेंढरं पोटावर चालत्यात, बाय. घड्याळावर न्हाई.”

“मग फक्त ठकूला ठेवा. मी संध्याकाळच्या एसटीनं तिला पुढच्या मुक्कामी आणून सोडते.”

“आन तांबडीला कोन धरल? ती बया ठकूबिगर एक पाऊल टाकत न्हाई.” आज्जी हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. “पोर रडती का?”

पोर रडत नव्हती. पोर पलीकडे उभी राहून सगळं ऐकत होती.

मी तशीच सुभेदारांकडे गेले. ते ओसरीवर कंदिलाला झिरमिळ्या चिकटवत होते. म्हटलं, “आज संध्याकाळीच एक किल्ला बघून घ्याल का?”

“पेठकरबाई,” ते म्हणाले, “एकाला सूट दिली की उद्या गाव म्हणेल सुभेदारानं लाडू खाल्ला. परीक्षा उद्याच. आणि किल्लेदार हजर पाहिजे. पळून गेलेल्या किल्लेदाराचा किल्ला मी कधी मोजत नाही.”

“ती पळत नाहीये. तिला जावं लागतंय.”

“लढाईत दोन्ही सारखंच दिसतं, बाई,” ते म्हणाले. पण झिरमिळी उलटी चिकटवली.

मी ठकूला सांगितलं, तुझा किल्ला मी सांभाळते, सगळ्या गावाला दाखवते. ती म्हणाली, “मी नसताना?” आणि वळून पटांगणाकडे निघून गेली.

पाडव्याच्या सकाळी मी लवकर शाळेत पोचले. लिंबाखालचा चौकोन रिकामा होता. किल्ला नाही, माती नाही, करवंटीसुद्धा नाही. जागा झाडून लख्ख केलेली. पाटलांच्या शेतात तळही दिसत नव्हता.

“मोडून गेली, बाई,” हणमंत म्हणाला. त्यालाही बरं वाटलं नसावं, कारण त्यानं आपल्या कारंजाकडे पाहत विचारलं, “माझ्यातले चार मावळे दिले असते तिला. का मोडला?”

सगळं गाव नव्या कपड्यांत पटांगणात जमलं. सुभेदार छडी घेऊन आले. पहिला किल्ला, दुसरा किल्ला. तट कुठंय? बुरूज कुठंय? पोपटाच्या किल्ल्याला दरवाजाच नव्हता. “शत्रू आत येऊ नये म्हणून!” असं त्यानं ठासून सांगितल्यावर सुभेदारांनी विचारलं, “आणि तू बाहेर कसा येणार?” तो अजून विचार करत उभा होता, तेवढ्यात सुभेदार प्रतापगडापाशी पोचले. हणमंतानं कारंजं सोडलं. पाणी उडालं, टाळ्या पडल्या.

आणि त्या टाळ्यांमधून घुंगरांचा आवाज आला.

रस्ता शाळेच्या पटांगणाला चिकटूनच जातो. त्या रस्त्यावरून, विहिरीवर पाणी भरून निघालेल्या बायका, कुत्री आणि लादलेली घोडी येत होती. सगळ्यात पुढे तांबडी, आणि तिचा दोर धरून ठकू. ती रस्त्यावरून सरळ गेली नाही. पटांगणात वळली.

आधी कुणाला काही उमजलं नाही. तांबडीच्या पाठीवर खोगीर, आणि खोगिरावर सगळं बिऱ्हाड. पण ते बिऱ्हाड नुसतं लादलेलं नव्हतं, रचलेलं होतं. चार कोपऱ्यांवर चार टोपल्या, बाहेरून चिखलानं लिंपलेल्या, त्यावर गेरूनं तटाचे दगड रेखलेले. तो चिखल लिंबाखालचाच होता, कारण त्यात हळिवाचे कोंब तसेच उभे होते. टोपल्यांच्या मधून घोंगड्यांच्या वळकट्या फिरवल्या होत्या, काळ्याभोर, एकावर एक. मागे उलटी बांधलेली बाज, तिचे चार पाय आभाळाकडे. पुढच्या दोन टोपल्यांत दोन कोकरं माना बाहेर काढून गावाकडे बघत होती, आणि मागच्या दोन्हींत कोंबड्या.

मग कोणीतरी लहान पोर ओरडलं, “किल्ला चालतोय!”

ठकू तिच्या चौकोनात, लिंबाखाली जाऊन उभी राहिली. शेजारी प्रतापगड. तिचा श्वास लागला होता. “सुभेदार,” ती म्हणाली, “किल्लेदार हजर हाय.”

सुभेदारांनी छडी काखेत दाबली आणि तांबडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. त्यांचा चेहरा अगदी परीक्षेचा होता.

“तट कुठंय?”

“ह्या वळकट्या. पाऊस आत येत न्हाई, थंडी बी न्हाई.”

“बुरूज?”

“चार हायती. राखणीला कोकरं. कोल्हा दिसला की आधी तीच वरडत्यात.”

“दरवाजा?”

ठकूनं बाजेच्या पायांमधली जागा दाखवली. तिथे ज्वारीची चाळण अडकवली होती. “हितनं माणूस आत. खडा भाईर.”

सुभेदारांच्या मिशा हलल्या. “पाणी?”

ठकूनं तांबडीच्या पोटाखालून दोर घेऊन बांधलेल्या घागरीवर टिचकी मारली. भरलेल्या घागरीचा आवाज आला. “आधी ह्येच बांधलं.”

“आणि राजा कुठंय? किल्ल्यावर राजा दिसत नाही.”

ठकूनं मानेनं घाटाच्या दिशेला खूण केली. पार लांब डोंगराच्या पायथ्याशी मेंढरांची धूळ दिसत होती. “राजा मोहिमेवर गेलाय.”

मग ती हणमंताकडे वळली. “मुलूख मावतो का म्हनत व्हतास ना? आमचा रोज मावतो.”

तेव्हा कुठे मला कळलं की खिडकीतून बाहेर बघणारी ती एकटी मुलगी माझा धडा ऐकत होती.

हणमंत उत्तर देणार होता. पण सगळ्यांचं लक्ष खोगिराकडे असताना खोगिराखाली काय चाललंय हे कुणी पाहिलंच नव्हतं. तांबडीनं मान खाली घातली होती, आणि प्रतापगडाचा उत्तरेकडचा तट, हळिवासकट, शांतपणे चघळत होती.

“माझा किल्ला!” हणमंत किंचाळला. “खाल्ला! बाई, तिनं किल्ला खाल्ला!”

“होळकरांनी छापा घातला!” पोपट आनंदानं नाचत ओरडला, आणि मग पटांगणात जे हसू फुटलं ते मला आजही ऐकू येतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुभेदार हसू दाबता दाबता खोकत होते. ठकू दोर ओढत होती, “तांबडे! सोड, सोड! दुसऱ्याचा मुलूख हाय त्यो!” आणि तांबडी एक बुरूज तोंडात घेऊनच मागे सरली.

हणमंताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सुभेदार त्याच्याकडे वाकून म्हणाले, “किल्लेदार, शत्रू दारात आला तेव्हा तुम्ही कुठं बघत होतात?”

“तिच्या किल्ल्याकडं,” हणमंत प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग? मी पण तिकडेच बघत होतो.”

हे चाललं असताना रस्त्यावरून म्हाळसाआज्जीचा आवाज आला. “ठके! मेंढरं डोंगराला लागली! तुझा किल्ला चालतोय का हितंच नांदतोय?”

ठकूनं सुभेदारांकडे पाहिलं. तिला जावं लागणार होतं आणि निकाल अजून लागला नव्हता. राहिलेले किल्ले बघायचे होते, मंडळाला विचारायचं होतं. सुभेदारांनी एकदा पटांगण पाहिलं, एकदा डोंगर पाहिला.

“किल्ला चालता असेल,” ते म्हणाले, “तर परीक्षकानं चालत बघावा. चला!”

राहिलेले किल्ले त्यांनी इतक्या भराभर बघितले की किल्लेदारांना घाम फुटला. मग ते तांबडीच्या डाव्या बाजूनं चालू लागले, उजवीकडून मी, मागे मंडळाची पोरं, चौथीचा वर्ग, तिसरीचा वर्ग, ताटातले अनारसे खात निघालेल्या बायका. वाटेत सुभेदार तट दाबून बघत होते, दोऱ्या ओढून बघत होते. चढाला बुरूज हलला नाही. ओढ्यातून जाताना घागर हिंदकळली नाही. म्हाळसाआज्जी मागे वळून बघायची आणि डोक्याला हात लावायची. “वरात काढलीय जनू!”

शिवेच्या दगडापाशी सगळे थांबले. सुभेदार म्हणाले, “पलटणीत मी पुष्कळ किल्ले पाहिले. ओढा ओलांडणारा हा पहिला. पताका ठकूची.”

आणि तिथे अडचण आली. मंडळाचा अध्यक्ष पुढे झाला. म्हणाला, “जिंकली हे कबूल. पण पताका गावाबाहेर कशी द्यायची? ही मंडळी उद्या घाट उतरून कोकणात जातील. पुढच्या वर्षी इकडं येतील का दुसरीकडं, कोण सांगणार?”

ठकूनं हात पुढे केला नव्हता. तिनं दोर घट्ट धरला. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “सुभेदारांनी बघितला. तेवढंच पायजे व्हतं.”

मी काही बोलणार एवढ्यात हणमंत पुढे आला. तो प्रतापगडावरून काढलेली पताका हातात घेऊनच चालत आला होता. परत द्यायची म्हणून असेल, किंवा शेवटपर्यंत सोडवत नव्हती म्हणून.

“पताका किल्ल्यावर लावायची असती ना?” तो अध्यक्षाला म्हणाला. “मग किल्ला जाईल तिकडं पताका जाईल. नियमच हाय तो.” आणि बाजेच्या एका पायाला त्यानं ती स्वतः बांधली. गाठ मारता मारता ठकूला म्हणाला, “घोडीला खाऊ देऊ नको.”

तांबडी शिवेच्या पलीकडे गेली. केशरी रेशीम पार वळणापर्यंत दिसत होतं.

पुढचं वर्ष गावानं मला सोडलं नाही. “काय बाई, पताका कुठवर पोचली?” दसरा आला, तळ आला नाही. पाटलांच्या शेतात दुसऱ्याच कुणाची मेंढरं बसली. मंडळानं नवी पताका शिवायला टाकायचं ठरवलं. सुभेदार म्हणाले, “पाडव्यापर्यंत थांबा.” हणमंत आता गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत पाचवीत होता, पण किल्ला त्यानं केलाच, आणि प्रतापगडाच्या शेजारचा लिंबाखालचा चौकोन कुणाला घेऊ दिला नाही. तिथे त्यानं एक पेंढी कडबा आणि बादलीभर पाणी ठेवलं. “म्हणजे माझा खाणार न्हाई,” तो म्हणाला.

पाडव्याच्या सकाळी सुभेदारांनी पहिल्या किल्ल्यापुढे छडी टेकली आणि घुंगरं वाजली.

तांबडी आली. मागे तिचं शिंगरू. ठकू बरीच उंच झाली होती. आणि बाजेच्या पायावर पताका होती, पण ती मी ओळखलीच नाही. केशरी रेशीम थोडंसंच उरलं होतं. बाकी सगळी ठिगळं. लुगड्याचा काठ, पोत्याचा तुकडा, कोळ्याच्या जाळ्याची पट्टी, कुणाच्या शाळेच्या चड्डीचं खाकी कापड. सगळं काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं शिवलेलं.

“ठकू, हे काय गं?”

“कोकणातल्या वाऱ्यानं फाटली, बाई. मग ज्या शाळंत गेले तिथली पोरं इचारायची, ही पताका कुनाची? मी म्हनायची, एक ठिगळ द्या, मग सांगते.” तिनं ठिगळांवरून हात फिरवला. “समद्यांना सांगितली होळकरांची गोष्ट. एका गावात तर मास्तरच ठिगळ घेऊन आले.”

मी एका खोलीत बसून ती गोष्ट एकदाच सांगितली होती, तीही चुकीच्या वेळी. मी ठिगळं मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं, कारण दिसेना.

सुभेदार म्हणाले, “मग आम्हालाही ऐकव. काय सांगतेस?”

ठकू तांबडीला टेकून उभी राहिली आणि सांगू लागली. कैदेतून निसटणं, मूठभर स्वार, खोगिरावरचा मुलूख. सगळं माझ्यासारखंच, फक्त माझ्याहून पुष्कळ छान. पहिलीतली पोरं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. “मग इंग्रज म्हनला, माझा किल्ला लई मोठा हाय. तर होळकरांनी काय केलं? त्यांची एक तांबडी घोडी व्हती. तिला सोडली. आन तिनं इंग्रजाचा किल्ला खाल्ला!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाईच ना, तोंड उघडलं, “ठकू, अगं हे इतिहासात…”

सुभेदारांनी छडी माझ्यापुढे आडवी धरली. “बाई,” ते हळूच म्हणाले, “तेवढं राहू द्या.”

तेवढ्यात हणमंत किंचाळला. कडबा तसाच होता. शिंगरू प्रतापगडाच्या दक्षिणेकडच्या तटाला लागलं होतं.